जुन्या टाक्याची जागा

सुईची भीती मला कोणी घालू नये. आम्ही पिंजारी. अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या अंगाला आमचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. कापूस पिंजायचा तो माझ्या मालकांनी, युसूफभाईंनी. आणि भरलेल्या गादीला टाके घालून तिला आकारात आणायची ती मी, शमीमने. वीतभर सुई गादीच्या या अंगाने घालून त्या अंगाने ओढताना कितीदा बोटात गेली, त्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. बोट तोंडात घालायचं आणि पुढचा टाका घ्यायचा, एवढंच.

सुईला भितात ते आमचे मालक. कापसाचं बोचकं पाठीवर घेऊन माडी चढणारा हा गडी, पण डॉक्टरची सुई दिसली की याचे पाय कापसाचे होतात. आमच्या रुबीनाला लहानपणी लस टोचायला नेली, तेव्हा पोरगी रडली नाही; हेच दवाखान्याच्या फरशीवर बसले आणि बायांनी यांच्या तोंडावर पाणी मारलं. हा किस्सा मी दरवर्षी ईदच्या दिवशी पाहुण्यांना सांगते, आणि दरवर्षी ते तेवढ्यापुरते उठून बाहेर जातात.

रुबीना म्हणाली, अम्मी, तुझं सगळं लिहून काढ, कोणाच्या तरी कामी येईल. माझी शाळा मराठी, सातवीपर्यंत झालेली. घरात आमची बोली अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी. तेव्हा भाषेत कुठे गाठ राहिली असेल तर वाचणाऱ्यांनी ती बोटाने सारखी करून घ्यावी.

उजवा डोळा

साखर माझ्या रक्तात कधी शिरली ते कळलंच नाही. गोळ्या चालू होत्या, काम चालू होतं, आणि दोन्हींची एकमेकांशी काही तक्रार नव्हती. मग उजव्या डोळ्यापुढे धुकं धरलं. सुईत दोरा ओवताना आधी मी दोऱ्याला दोष दिला. नंतर बल्बला. मग स्वस्तातला बल्ब आणला म्हणून मालकांना. शेवटी दोरा ओवून द्यायला गिऱ्हाईक बाईला सांगायची पाळी आली, तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो.

ते म्हणाले, उजव्यात मोतीबिंदू पिकला आहे, डाव्यातही सुरुवात आहे. ऑपरेशन सोपं आहे, पण एवढ्या साखरेवर ते करणार नाहीत. आधी साखर खाली आणा, मगच डोळ्याला हात लावतो. त्यांनीच आम्हाला शुगरच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सगळे त्यांना मॅडमच म्हणतात, मीही तेच म्हणते. मॅडमनी कागद पाहिले आणि सांगितलं की गोळ्यांचं काम आता संपलं, इन्सुलिन घ्यावं लागेल. दोन्ही जेवणांआधी पेनासारखं एक इंजेक्शन, त्याला पेनच म्हणतात, आणि रात्रीचं एक वेगळं.

मी जेवणाचं विचारत होते, पथ्याचं विचारत होते. मध्येच वळून पाहिलं तर शेजारची खुर्ची रिकामी. मालक बाहेर उभ्या केलेल्या मोटरसायकलींच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले होते. मी जवळ जाऊन बसले.

"तुले रोज टोचा लागन?" त्यांनी विचारलं.

"मले लागन," मी म्हटलं. "तुमी काहून पडून राहिले?"

ते हसले नाहीत. खरं सांगायचं तर हसू मलाही नव्हतं. आमच्या मोहल्ल्यात इन्सुलिन म्हणजे शेवटचं स्टेशन असं समजतात. अमक्याला सुया लागल्या म्हणजे तो आता गेलाच. पण मला मरणाची तेवढी धास्ती नव्हती. मला भीती होती ती डोळ्यांची. टाका दिसला नाही तर मी दिवसभर करू काय? दुकानात बसून हे पिंजतील आणि मी नुसती बघत बसेन. आणि बघेन तरी कशाने?

मी सुई कशी घेत असे

नर्सने पेन हातात देऊन शिकवलं. बेंबीपासून दोन बोटं सोडून घ्यायचं, दहा अंक मोजेपर्यंत सुई काढायची नाही, जागा बदलत जायचं. तिच्यामागे पेशंटची रांग होती, ती भरभर सांगत होती आणि मी हो हो करत होते. ती सुई पाहून मला तर हसूच आलं होतं. एवढीशी सुई मच्छरदाणी शिवायच्या कामाचीसुद्धा नाही.

आता इथे माझ्या धंद्याचं थोडं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

कापसाची ही पडती वर्षं सुरू झाल्यापासून नवी गादी कोणी भरत नाही. गावाकडे पीक हाती लागत नाही, तर शहरात आमची लग्नसराई सुनी जाते. भातकुलीकडच्या बेबीताई, भाजीचा मळा करणाऱ्या, आधी लेकीसुनांसाठी नव्या रजया करून न्यायच्या. आता त्याच रजया दर काही वर्षांनी परत आणतात. आम्ही खोळ उसवतो, आतला जुना कापूस पुन्हा पिंजतो, खोळ धुऊन वाळवून पुन्हा भरतो, पुन्हा शिवतो. सगळ्यांचं तेच. कितीतरी वर्षांत माझ्या हाताला नवं कापड फारसं लागलेलंच नाही.

आणि जुन्या कापडाचा कायदा वेगळा असतो. माझ्या सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी सांगितला होता. जुन्या खोळीला नवं भोक पाडायचं नाही. आधीच्या टाक्याची जागा बोटाने शोधायची आणि सुई तिथूनच न्यायची, नाहीतर विरलेलं कापड चरचरत फाटतं आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. माझी बोटं न पाहता जुनं भोक शोधतात. डोळ्यावर धुकं आलं तरी माझं काम चालू राहिलं ते या बोटांच्या भरवशावर.

तर पोटावर माझा एक तीळ आहे, डावीकडे, बेंबीच्या जरा खाली. पहिली सुई मी त्या तिळाशेजारी घेतली. दुसरी तिथेच. तिसरी तिथेच. जागा बदलायला सांगितलं होतं हे डोक्याला ठाऊक होतं, पण हाताची शाळा वेगळी झालेली. शिवाय मला वाटे, अंगाला उगाच जागोजागी भोकं कशाला पाडा? सुरुवातीला तिथे टोचायचं, मग कमी झालं, मग काहीच लागेनासं झालं. आमच्यात टाका नीट बसला की म्हणतात, जागा बसली. मी बेबीताईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की माझी जागा बसली, मला सुई कळतसुद्धा नाही.

गुलाबजामचा ठपका

साखर मात्र उतरेना. मॅडम मात्रा वाढवत गेल्या आणि साखर आपली होती तिथेच, पाटलीणबाईसारखी बसून. डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन एकदा पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. डाव्या डोळ्यातही आता दिव्याभोवती खळं दिसायला लागलं होतं.

घरात संशय शिरला. मालकांना वाटायला लागलं की मी चोरून गोड खाते. थेट बोलत नसत, पण साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. मग आमच्या शेजारी निकाह होता. मी पोरांना गुलाबजामच्या वाट्या वाटल्या आणि घरी आले, तर यांनी माझा हात हातात घेतला. मी आपली लाजले, म्हटलं या वयात हे काय. त्यांनी हात नाकाशी नेला आणि विचारलं, बोटांना पाकाचा वास कसा येतो.

मी भांडायला कमी नाही. तोंडाला येईल ते बोलले. त्यांच्या आईपर्यंत गेले, जी बिचारी केव्हाच अल्लाच्या घरी गेलेली. ते उठून कापूस पिंजायला बसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. ज्या माणसाबरोबर जन्म काढला तो मला खोटारडी समजतो, हे दुखणं साखरेपेक्षा मोठं होतं. मी मागच्या खोलीत रचलेल्या रजयांत तोंड घालून रडले.

आमचा अबोला काही दिवस चालला. तेवढ्यात एका सकाळी मी पडद्याआडून पाहिलं, तर मालक चहा पीत होते आणि एरंडेल पितानाचं तोंड करत होते. दोन चमचे साखर घालून चहा पिणारा हा माणूस बिनसाखरेचा पीत होता. मी विचारलं, हे कधीपासून? ते म्हणाले, तुझं बंद झालं त्या दिवसापासून. मला ते माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलंही नव्हतं. मी हसायला लागले, आणि हसता हसता पुन्हा रडले. भांडण मिटलं, पण साखरेचा उलगडा काही झाला नाही.

ओढून घ्यायचं इन्सुलिन

रुबीना अमरावतीला दिलेली आहे, तिथे एका शाळेत शिकवते. तिचा फोन आला की श्वासातून घ्यायचं इन्सुलिन निघालं आहे. पूड असते, छोट्या शिट्टीसारख्या यंत्रात घालायची, जेवायला बसताना तोंडाला लावून ओढायची. सुई नाही.

मला सुईची भीती नव्हती, पण तरी माझं मन तिकडे धावलं. एक तर माझी अशी समजूत झाली होती की सुईचं इन्सुलिन माझ्या अंगाला लागतच नाही, आणि डोळा वाचवायचा तर दुसरं काहीतरी हवं. दुसरं म्हणजे लग्नाकार्यात जेवणाआधी कोपरा शोधायचा, पोट उघडं करायचं, आणि बायांनी हळहळत बघायचं, याचा मला फार वीट आला होता.

पण मालक? ते तर नवरदेवासारखे तयार झाले. स्कूटर काढून अकोल्यातली मेडिकलची दुकानं पालथी घातली. कोणी म्हणे असलं काही नसतंच. कोणी म्हणे नागपूरला विचारा. कोणी म्हणे डॉक्टरची चिठ्ठी आणा, मागवून बघू, पण आलं तर परत घेणार नाही. एकाने दम्याचा पंप दाखवला. मालक तोच घेऊन घरी येणार होते, पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक शहाणं निघालं.

मॅडमनी आमचं सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, औषध खरं आहे आणि चांगलंही आहे, पण मी अजून कोणाला दिलेलं नाही. इथे नेमाने मिळेल याची खात्री नाही. तुम्ही आत्ता घेता त्यापेक्षा महाग पडेल. त्यालाही फ्रिज लागेल. आणि ते फक्त जेवणाचं, रात्रीची सुई राहीलच. हे ऐकताना मालकांचा चेहरा उतरत गेला, पण पूर्ण उतरला नाही. महाग तर महाग, रात्रीची एक तर एक, असं ते पुटपुटले. मग मॅडम म्हणाल्या की सगळ्यात आधी फुप्फुसं तपासून घ्यावी लागतील. त्याशिवाय हे औषध देताच येत नाही. छातीचे डॉक्टर त्यांच्या ओळखीचे अमरावतीला होते, आणि तिथे रुबीनाही होती. त्यांनी चिठ्ठी दिली.

फुंकर

अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आणि तिथून ऑटोने अमरावतीत. मालकांनी वाटेसाठी डबा घेतला होता, आणि गाडीत जेवणाआधी मी पेन काढलं तसं त्यांनी खिडकीतून बोरगावची शेतं अशी निरखून पाहिली की जणू विकतच घ्यायची आहेत.

छातीच्या दवाखान्यात आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बडनेऱ्याचे तिवारीकाका, रेल्वेतून टीसी म्हणून निवृत्त झालेले. मालकांनी आम्ही कशाला आलो ते सांगितलं आणि काकांनी शर्टाच्या खिशातून ते यंत्रच काढलं. मुंबईचा मुलगा औषध पाठवतो, आणि तपासणीसाठी काकांना अधूनमधून इथे यावं लागतं. यंत्र माझ्या अंगठ्याएवढं असेल. मी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मालकांनी तर दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं.

मी विचारलं, फरक पडतो का.

"पडते ना, भाभी," काका म्हणाले. "सुरुवातीले खोकला येते. घसा खवखवते. पन लोकाईसमोर पोट उघडं करा लागत नाही. पंगतीत बसलो, ओढलं, जेवलो. कोनाले पत्ताच नाही लागत."

मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. मुलाचं पार्सल एकदा उशिरा आलं तेव्हा पुन्हा सुईवर यावं लागलं. मात्रा ठरावीक कुप्यांमध्येच येते, पेनासारखी बारीक कमीजास्त करता येत नाही. आणि मुलगा मुंबईला नसता तर आपण याच्या वाटेलाच गेलो नसतो, हे त्यांनी आपणहून कबूल केलं. मला ते गृहस्थ आवडले. औषधाची तारीफ करताना त्यांनी काही लपवलं नाही.

मग माझी पाळी आली. नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. खोल श्वास घ्या आणि जोरात फुंका, फुंकत राहा, फुंकत राहा. मी फुंकलं. तपासणारी मुलगी म्हणाली, अजून. मी पुन्हा फुंकलं. मला वाटलं होतं मी चूल फुंकलेली बाई आहे, हे काय अवघड. पण मध्येच दम संपायचा आणि खोकल्याची उबळ यायची. काचेपलीकडून मालक माझ्याबरोबर गाल फुगवून फुंकत होते, तेवढ्याने जास्त निघेल म्हणून.

डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि विचारलं, काम काय करता. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. दुकानात तोंडाला फडकं बांधता का? मी म्हटलं, उन्हाळ्यात कोण बांधतं. ते शांतपणे म्हणाले की कापसाच्या धुळीने फुप्फुसांच्या नळ्या आवळल्या आहेत. त्यावर इलाज आहे, पंप देतो, पण श्वासातून घ्यायचं इन्सुलिन तुम्हाला नाही देता येणार. ते तुमच्यासाठी धोक्याचं आहे.

इतके अडथळे आम्ही मनाने ओलांडले होते. मिळत नाही, तर मागवू. महाग आहे, तर पिंजायचं एखादं मशीन विकू. पण हा अडथळा तर माझ्या छातीतच होता.

परतताना बडनेऱ्याला गाडी उशिरा होती. बाकावर बसलो. मालकांच्या बाहीवर नेहमीसारखा कापसाचा तंतू चिकटलेला होता. त्यांनी तो काढला आणि कितीतरी वेळ चिमटीत धरून ठेवला.

"माह्या धंद्यानं तुही छाती खाल्ली," ते म्हणाले.

मी म्हटलं, "धंदा माहाबी हाय. एकट्याचा म्हनू नोका."

मग मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. स्टेशनवर, सगळ्यांसमोर. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. डोळ्याची आशा मी त्या बाकावर जवळजवळ सोडली होती, आणि यांच्या खांद्याला कापसाचा वास येत होता, आणि तोच वास मला आवडतो, काय करू.

मॅडमची बोटं

रिपोर्ट घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी वाचला आणि बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, शमीमताई, तुम्ही सुई घेता कशी ते मला एकदा करून दाखवा. मालक उठले. मॅडम म्हणाल्या, भाऊ, तुम्हीही थांबा. ते थांबले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून.

मी पदर बाजूला केला, तीळ शोधला, पेन टेकवलं. मॅडमनी माझा हात धरला. मग आपली दोन बोटं तिळाशेजारी ठेवली आणि हळूहळू दाबत फिरवली. माझी बोटं घेऊन तिथे ठेवली. कातडीच्या आत लिंबाएवढं काहीतरी होतं, घट्ट, आणि त्याला काही कळत नव्हतं. मी रोज तिथे सुई घेत होते आणि कधी चाचपून पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्यात गाठ म्हटलं की एकच आजार आठवतो.

मॅडम लगेच म्हणाल्या, घाबरू नका, तसलं काही नाही. एकाच जागी रोज इन्सुलिन घेतलं की तिथली चरबी वाढून अशी गाठ होते. तिच्यात घातलेलं औषध अंगात नीट जात नाही, तिथेच अडकून राहतं. म्हणून साखर उतरत नव्हती. आणि तिथलं कळणं मेलेलं असतं, म्हणून टोचतही नव्हतं.

"रोज इथंच का घेतली पण?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. जुनी खोळ, सासूबाई, टाक्याची जागा, सगळं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. मालक मात्र कॅलेंडर सोडून वळले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. अख्ख्या जगात एवढ्या एका माणसाला माझं म्हणणं न समजावता समजलं.

"म्हंजे हे चोरून खात नव्हती," ते म्हणाले.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत माफी होती. तोंडाने ती त्यांनी आजतागायत मागितलेली नाही. मी वाट पाहत आहे.

मॅडमनी मात्रा मुद्दाम कमी केली. नव्या जागेतून औषध पुरतं लागेल, जुन्या मात्रेने साखर एकदम खाली जाईल, असं त्यांनी बजावलं. गाठीला हात लावायचा नाही, ती हळूहळू बसेल. दर वेळी आधीच्या जागेपासून बोटभर सरकायचं. आणि जाताना म्हणाल्या, थोडंसं टोचलं तर खूश व्हा, ती जागा चांगली आहे.

खडूच्या रेघा

सांगणं सोपं. माझा हात सारखा तिळाकडेच जाई. डोक्याने सरकवावं तर बोटं मागे ओढत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि आत आले. हातात गादीवर आखायचा खडू होता. नवी गादी असली की टाके कुठे पडायचे त्याच्या चौकटी ते आधी आखून देतात. जुन्या गादीला ते करावं लागत नाही. म्हणाले, झोप.

"काय करून राहिले?" मी विचारलं.

"हे जुनी खोळ नाही," ते म्हणाले. "नवी समज. मी आखून देतो."

आणि त्यांनी माझ्या पोटावर चौकटी आखल्या. गुदगुल्या होत होत्या आणि मी हसले की रेघ वाकडी जायची, मग ते रागवायचे, हाताने पुसायचे आणि पुन्हा आखायचे. गाठीभोवती त्यांनी गोल काढला आणि त्यावर फुली मारली. मग म्हणाले, इथून सुरू कर, आणि नेहमीसारखे तोंड फिरवून उभे राहिले. मी पहिल्या चौकटीत सुई घेतली. टोचली. मी चांगली ओरडले, बऱ्याच दिवसांनी.

साखर उतरली. एकदम नाही, पण उतरत गेली. एका दुपारी तर मर्यादेपेक्षा खाली गेली. मी रजई शिवत होते आणि अंगाला घाम फुटला, हात थरथरायला लागले, मालक दोन दिसायला लागले. मी काही बोलायच्या आत ते वरच्या फळीवरून साखरेचा डबा काढत होते. ज्या डब्याची त्यांनी माझ्यापासून राखण केली, त्याच डब्यातली साखर ते पाण्यात कालवून माझ्या तोंडी लावत होते आणि म्हणत होते, खा बाई, खा. मॅडमनी मात्रा आणखी थोडी कमी केली. तेव्हापासून डबा खालच्या फळीवर आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी सुई घेत असेल, तर वाचणं थांबवून आपल्या पोटावरून बोटं फिरवा. कुठे घट्ट लागलं तर डॉक्टरांना दाखवा. लाजू नका. आणि ज्यांची छाती साफ आहे त्यांनी त्या श्वासाच्या औषधाबद्दल जरूर विचारावं. मिळायला त्रास आहे, महाग आहे, पण तिवारीकाकांची पंगत मी विसरलेले नाही. कधीतरी ते अकोल्याच्या मेडिकलमध्ये दोन पावलांवर मिळेल. माझ्यासाठी नाही, तरी मिळावं. आणि कापसात काम करणाऱ्यांनी तोंडाला फडकं बांधावं. आता आम्ही दोघं बांधतो. गिऱ्हाइकांना दुकानात दरोडेखोर बसल्यासारखं वाटतं, त्याला इलाज नाही.

पट्टी

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अखेर झालं. चटकन झालं, मला घाबरायला वेळही मिळाला नाही. बाहेर आणून खाटेवर झोपवलं, डोळ्यावर पट्टी. उघडा होता तो डावा, खळ्याचा डोळा. त्याने पेनावरचा आकडा दिसेना. जेवणाची वेळ झाली होती. रुबीना अमरावतीहून आली होती, पण ती डोळ्यात घालायचे थेंब आणायला खाली गेलेली.

मी मालकांना म्हटलं, सिस्टरला बोलवा, सुई द्यायची आहे.

"कोनाले बोलवा लागत नाही," ते म्हणाले.

त्यांनी पेन घेतलं. आकडा फिरवताना मला टकटक ऐकू येत होती आणि ते प्रत्येक टक मोठ्याने मोजत होते. मग पदर बाजूला सारला. सकाळी घरून निघताना आखलेल्या रेघा पोटावर होत्या. त्यांचं बोट चौकटी मोजत पुढे सरकलं आणि एका ठिकाणी थांबलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. माझ्या अधू डोळ्यालाही दिसलं की त्यांनी या वेळी तोंड फिरवलं नाही, डोळे मिटले नाहीत. कपाळावर घाम होता. हात मात्र टाका घालणाऱ्याचा होता, सरळ आणि हलका. मग त्यांनी दहापर्यंत अंक मोजले, अगदी सावकाश, एकही न गाळता.

"दुखलं काय?" त्यांनी विचारलं.

"दुखलं," मी म्हटलं.

"मंग जागा नवी हाय," ते म्हणाले, आणि पेन टेबलावर ठेवून, खाटेचा गज धरून हळूच फरशीवर बसले, आणि मला म्हणाले, थोडं पाणी दे.